एका वेळी एकच बॅटरी

माझ्या भाडेकरणीइतकं हट्टी माणूस तापीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडणार नाही, आणि सापडलंच तर त्यालाही मी खोली देईन. ती अक्कलकुव्यापलीकडच्या डोंगरातली. लोणखेड्याला डिप्लोमा करायला आली तेव्हा माझा चुलत पुतण्या दारात येऊन म्हणाला, "काकू, खोली कोणले बी दी टाकस का तू?" मी म्हटलं, "खोली मन्ही शे. तुन्हं काय जास?" तो चहा न घेताच गेला. चहा वाचला.

तिचा एकच विषय दोनदा राहिला होता, विजेच्या सर्किटचा. तिसऱ्यांदा राहिला तर बाप तिला ऊसतोडीला गुजरातेत नेणार होता. तसं तो माझ्यासमोरच बजावून गेला. मग पोरीनं सुपरपोझिशन नावाची रीत डोक्यात घेतली. सर्किटमध्ये दोन बॅटऱ्या असल्या तर आधी एकच चालू धरायची आणि तिचा करंट काढायचा. मग ती बंद धरून दुसरीचा. शेवटी दोन्ही उत्तरं एकत्र करायची. मी चौथी शिकलेली बाई, तरी मला हे पाठ झालं, कारण तिनं ही रीत घरात सगळ्यांनाच लावली. मी आणि सून भांडायला लागलो की ही मधे उभी. "आजी, तुम्ही बंद. वहिनी, बोला." थोड्या वेळानं, "वहिनी बंद. आजी चालू." माझी पाळी येईपर्यंत मी भांडण कशावरून होतं तेच विसरलेली असायची. एवढा माझा अपमान माझ्या सासूनंही केला नव्हता. अंगणात ती खडूनं हे भलंमोठं सर्किट काढायची आणि तारेवर करंट म्हणून तुरीचे दाणे मांडायची. दूधवाला त्या रेघा ओलांडायला घाबरायचा, गोठ्याकडून वळसा घालून यायचा. मी त्याला हसायचे. एकदा तिनं बॅटरी पुसली आणि त्या जागी रेघ ओढली. मी म्हटलं, "काढली ना? मग ऱ्हाऊ दे जागा रिकामी." म्हणाली, "नाही आजी. बॅटरी गेली तरी वाट तोडायची नाही. तिथं तार जोडायची."

परीक्षेच्या आदल्या दिवशी एका गणितात पुस्तकाचं उत्तर तीन आणि हिचं सात. चार वेळा मांडलं, चारही वेळा सात. तिनं खडू भिंतीवर फेकला. "जाते मी ऊस तोडायला." मी तूर निवडत होते. उठले आणि मधल्या तारेकडे नीट पाहिलं. पहिल्या बॅटरीचा पाच दाण्यांचा बाण खाली जात होता, दुसरीचा दोन दाण्यांचा वर येत होता. "पोरी, पाच दाणा ग्यात, दोन उनात, मंग सात कसा व्हयनात?" दोन वर्षं ती बाण काढत होती; शेवटची बेरीज करताना त्यांच्याकडे पाहायचं मात्र राहून जात होतं. तिनं पाचांतून दोन दाणे उचलले. तीन उरले. मग त्या रात्री आम्हा कुणालाच झोपू दिलं नाही तिनं.

पास झाली. नाशिकला नोकरी लागली. न्यायला बाप आला. तिची पेटी त्यानंच डोक्यावर घेतली.

आठवड्यात पुतण्या हजर. "काकू, आते तरी आपला माणूसले दे खोली." मी सांगितलं, तिच्या पाड्यातल्या दोन पोरी येणार आहेत, मी हो म्हटलंय. "गावात काय म्हणतील?" म्हणे. म्हणू देत. गाव एका वेळी एकेकानं बोलायला शिकलं, तर ऐकेन.

खडूच्या रेघा कधीच पुसल्या गेल्या. दूधवाला आता अंगणातून सरळ येतो. मी मात्र अजून गोठ्याकडून वळसा घालते.