मारिसेल केळुसकरने बांधलेलं छप्पर

मारिसेल आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आली ती २०१९च्या दिवाळीनंतर. भांडुप पश्चिमेला डोंगराच्या चढावर आमची चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली बिल्डिंग आहे. पहिल्या मजल्यावरच्या केळुसकरांचा सिद्धेश दुबईतल्या एका हॉटेलात एसीची कामं बघायचा आणि त्याच हॉटेलच्या लाँड्रीत ही होती, फिलिपिन्सची. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि त्यांची मुलगी निधी तीन वर्षांची होती. सिद्धेशचे वडील गेले, आई रत्नप्रभाकाकू एकट्या पडल्या, म्हणून तो दोघींना इथे घेऊन आला. कॉन्ट्रॅक्टचे राहिलेले सहा महिने संपवून कायमचा येतो, असं सांगून तो फेब्रुवारीत परत गेला. मार्चमध्ये विमानं बंद झाली.

मी गंधाली, दुसऱ्या मजल्यावर राहते. मला सांगायला लाज वाटते, पण लॉकडाऊनच्या पहिल्या आठवड्यात जिन्यात मारिसेल समोरून आली तेव्हा मी माझ्या मुलाला ओढून भिंतीला चिकटून उभी राहिले होते. तिचे बारीक डोळे, चपटं नाक बघून अख्ख्या गल्लीने तिला चायनीज ठरवून टाकलं होतं. भाजीच्या रांगेत कुणीतरी ओरडलं, "हिला कशाला घेता लाइनमध्ये? हिच्या लोकांनीच आणला ना रोग!"

रत्नप्रभाकाकू रांगेत तिच्या मागेच होत्या. त्यांनी मास्क हनुवटीपर्यंत खाली केला आणि म्हणाल्या, "ती माझी सून आसा. चीनची न्हय, वुहानची न्हय, केळुसकरांची आसा. कोणाक काय इचारूचा आसात तर माका इचारा." काकूंनी मास्क वर केला आणि दुधी घेतला.

त्या घरात तेव्हा दोन बायका, एक लहान मुलगी आणि जवळपास शून्य सामायिक भाषा होती. मारिसेलचं इंग्रजी काकूंना कळत नव्हतं आणि काकूंची मालवणी कुणालाच पटकन कळत नाही. पण दोघीही समुद्राकाठच्या. काकूंचं माहेर आचऱ्याचं, वडिलांची होडी होती. मारिसेल सामार नावाच्या बेटावरची, तिच्याही वडिलांची होडी. पहिल्यांदा सुका बांगडा भाजला तेव्हा मारिसेल धावत स्वयंपाकघरात आली आणि वास घेऊन रडायलाच लागली. काकू घाबरल्या. मग तिने फोनवर तिच्या आईच्या घरचे वाळत घातलेले मासे दाखवले, आणि त्यानंतर त्या घरात काय शिजवायचं हा प्रश्न कधी पडला नाही. अनलॉक झाल्यावर काकूंनी गोराईच्या एका ओळखीच्या बाईकडून ताडीचा व्हिनेगर मागवला. मारिसेलने त्यात लसूण, मिरी घालून कोंबडी शिजवली. दुसऱ्या मजल्यापर्यंत तो वास यायचा आणि माझा मुलगा अभ्यास सोडून खाली पळायचा. मी त्याला कधी थांबवलं नाही. माफी मागायची माझी तीच पद्धत होती बहुतेक.

वर्षभरात ती मराठी शिकली, म्हणजे मालवणी शिकली. दर थोड्या महिन्यांनी व्हिसाची मुदत वाढवायचा अर्ज ऑनलाइन भरायचा, त्यातले कागद मी स्कॅन करून द्यायचे. फोटो अपलोड होत नसला की ती डोकं धरून म्हणायची, "गंधाली, माका वेड लागतला!" सिद्धेश व्हिडिओ कॉलवर म्हणायचा, "अगं, ही माझ्यापेक्षा भारी मालवणी बोलते." त्याच्या हॉटेलचं क्वारंटाइन सेंटर झालं होतं. त्याची सुट्टी तीनदा रद्द झाली.

मग २०२१चा एप्रिल आला, दुसरी लाट. चौथ्या मजल्यावरच्या माधुरी वाहुळेच्या घरी सगळे पॉझिटिव्ह झाले. माधुरी महापालिकेच्या शाळेत शिकवते. ती घरीच बरी झाली, पण तिची आई शकुबाई तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये होती आणि घरी आली ती ऑक्सिजनच्या मशीनसोबत. मशीन विजेवर चालणारं, दिवसभर सुरू. आमचे सेक्रेटरी सहदेव तावडे यांनी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर दोरी आडवी बांधून पाटी लावली, 'यापुढे प्रवेश बंद.' सहदेवकाका तरुणपणी गिरणीत होते, नंतर वीस वर्षं सिक्युरिटीत. नियम म्हणजे नियम.

चौदा मेच्या शुक्रवारी सकाळी मारिसेल माझ्या दारात आली. हातात फोन, त्यावर अरबी समुद्रात गोल फिरणारा पांढरा ढग.

"गंधाली, वरचे पत्रे कोणी बांधले?"

आमच्या गच्चीवर गळतीसाठी लोखंडी अँगल ठोकून पत्र्याची शेड केली होती. आठ-दहा वर्षं झाली असतील. बावीस पत्रे. मी म्हटलं, "कोण बांधणार? बोल्ट आहेत की."

"बोल्ट गंजले. मी कपडे वाळत घालूक गेलंय तेव्हा बघलंय. हातान हलतत."

ती थेट सहदेवकाकांकडे गेली. मी मागोमाग गेले, कारण तिचा चेहरा मला वेगळाच दिसत होता. काका ग्रिलच्या आत, आम्ही बाहेर.

"मॅडम," काका म्हणाले, "मुंबईत वादळ येत नाही. गेल्या वर्षी पण बोंबाबोंब झाली. गेलं ना अलिबागला? इथे दोन फांद्या पडल्या. टेन्शन नका घेऊ."

"काका, माजो भाव पत्र्यान गेलो."

मग तिने सांगितलं, अर्धं मालवणीत, अर्धं इंग्रजीत. २०१३च्या नोव्हेंबरात तिच्या बेटावर योलांडा नावाचं वादळ आलं. वारा जरा थांबल्यासारखा वाटला म्हणून तिचा मोठा भाऊ होडी बघायला बाहेर पडला. शेजारच्या घराचा पत्रा उडत आला. त्या वादळानंतर घर पुन्हा उभं करायचं म्हणून तर ती दुबईला गेली होती. आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. दीड वर्षात आम्ही विचारलंच नव्हतं.

"आणि आपली वीज खांबावरच्या तारेतून येता," ती म्हणाली. "तार शेडीच्या बाजूक. पत्रो गेलो की तार जातली. शकुमावशीचा मशीन बंद."

काकांनी चष्मा काढून पुसला. "माणसं कुठून आणू? कुणी येत नाहीये कामाला. हार्डवेअरची दुकानं बंद. दोरी कुठून आणायची?"

"मीटर रूममध्ये आसा."

"तो दहीहंडीचा दोर आहे. मंडळाचा."

"मंडळ खंय आसा आता?"

काका आत गेले आणि मीटर रूमची किल्ली ग्रिलमधून बाहेर सरकवली. "चौथ्या मजल्यावरून जाताना कशाला हात लावू नका," एवढंच म्हणाले.

रविवारी सकाळी दोघी वर गेल्या. मारिसेल रेनकोट घालून, डबल मास्क लावून, आणि मागे रत्नप्रभाकाकू, वय सदुसष्ट, लसीचा पहिला डोस झालेल्या. मी म्हटलं, "काकू, तुम्ही नका." तर म्हणाल्या, "गाठी काय तू मारतलंस?" खरंच, मला बुटाच्या नाडीपलीकडे गाठ येत नाही. मी खाली वाळू भरायला बसले. तळमजल्यावर कुणाच्या तरी बाथरूमचं काम लॉकडाऊनमुळे अर्धवट राहिलं होतं, त्याची वाळू पडली होती. घराघरातून तांदळाच्या, आट्याच्या रिकाम्या गोण्या आल्या. तिसऱ्या मजल्यापर्यंत मी आणि इतर शेजाऱ्यांनी त्या चढवल्या, तिथून पुढे मारिसेलने एकेक गोण खांद्यावर घेतली. चाळीस गोण्या, पत्रे दाबून धरायला.

वर काकू प्लास्टिकच्या स्टुलावर बसून गाठी दाखवत होत्या आणि मारिसेल शिडीवर चढून त्या मारत होती. दोर पत्र्यांवरून आडवा, मग तिरका, मग अँगलखालून. ती म्हणे दोन गाठी आधीच ओळखत होती, फक्त तिच्या गावात त्यांची नावं वेगळी. दुपारी काम संपत आलं तेव्हा काकू एकदम उठल्या. पश्चिमेच्या बाजूच्या दोराचं टोक हातात घेऊन म्हणाल्या, "ह्या हयसर बांधू नको. खाली घे."

"खाली खंय, आये?"

"जिन्यात. शिडाचो दोर होडीत बसान वढूक येता. मग ह्यो कित्याक नाय? वाऱ्यात वर कोण येतलो ढिलो झालो तर?"

म्हणून ते टोक गच्चीच्या दारावरच्या झरोक्यातून आत घेतलं आणि चौथ्या मजल्याच्या जिन्याच्या कठड्याला तीन वेढे देऊन बांधलं.

सोमवारी सकाळपासून वारा सुटला. अकराच्या सुमाराला डोंगराच्या बाजूचं आंब्याचं झाड आडवं झालं. मग समोरच्या बिल्डिंगवरून असा आवाज आला की मी कॉम्प्युटर सोडून खाली बसले. त्यांच्या शेडचा एक पत्रा सुटला होता. तो गोल फिरत गेला, खांबावरच्या तारेवर आदळला, ठिणग्या उडाल्या, आणि समोरच्या बिल्डिंगचे सगळे दिवे गेले. आमचे चालू होते.

दहा मिनिटांनी आमच्या डोक्यावर धडधड सुरू झाली. जिन्यात मारिसेलचा आवाज आला, "गंधाली! सहदेवकाका! येवा वर! दोर ढिलो झालो!"

नायलॉनचा दोर भिजून ताणला गेला होता. पश्चिमेच्या कडेचे पत्रे उचलले जाऊन आपटत होते. आम्ही वर धावलो. तिसऱ्या मजल्यावर सहदेवकाका त्यांच्याच पाटीसमोर क्षणभर थांबले, मग आडवी दोरी ओलांडून पुढे गेले. कठड्याजवळ काकू उभ्या होत्या, कान वर लावून. मारिसेलने वेढे सोडले आणि आम्ही तिच्यामागे दोर धरला.

"वारो आसा तेव्हा फक्त धरा," काकू म्हणाल्या. "वारो कमी झालो की मी सांगतंय. तेव्हा वढा."

दोर हातातून खेचला जात होता, कुणी जिवंत माणूस पलीकडून ओढत असावा तसा. तळव्यांची सालटी निघाली. तेवढ्यात वाहुळेंचं दार उघडलं आणि माधुरी बाहेर आली, मास्क लावून, ओढणी कमरेला खोचून.

"माधुरी, तू आत जा!" काका ओरडले.

"मशीन चालू आहे काका, ते चालूच राहायला हवं," ती म्हणाली आणि सगळ्यांच्या मागे जाऊन दोर धरला.

"आता!" काकू म्हणाल्या.

"उसा, दुहा, तुलो!" मारिसेल ओरडली. एक, दोन, तीन, तिच्या बेटावरच्या भाषेत. घाईत तिला तेच सुचलं. आम्ही ओढलं. वीतभर दोर आत आला. तिने झटकन कठड्याला वेढा दिला. पुन्हा वारा, पुन्हा धरलं. पुन्हा काकूंचा "आता!" तिसऱ्या वेळेपासून आम्ही सगळेच ओरडत होतो, "उसा, दुहा, तुलो!" सहदेवकाकांचा आवाज सगळ्यात मोठा. गोविंदा पथकात त्यांनी एके काळी खालचा थर धरला होता, तो आवाज त्यांना परत सापडला होता.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. दोर हळूहळू हातभर, दोन हात आत आला. वरची धडधड कमी होत होत थांबली. पत्रे आता फक्त थरथरत होते. मारिसेलने शेवटचा वेढा घातला, काकूंनी स्वतः पुढे होऊन गाठ मारली आणि आम्ही तिथेच पायऱ्यांवर बसलो. माधुरीच्या उघड्या दारातून मशीनची घरघर ऐकू येत होती आणि शकुबाईंचा आवाज, "माधुरी, कोण आलंय गं? चहा टाक ना!"

सगळे हसत सुटलो. मारिसेल इतकी हसली की तिला उचकी लागली.

संध्याकाळी वारा उतरल्यावर ती गच्चीवर जाऊन मोजून आली. बावीसच्या बावीस. समोरच्या बिल्डिंगला दोन दिवस वीज नव्हती. तिथले लोक आमच्याकडे फोन चार्ज करायला येत होते, आणि त्यांच्यातला एक जण, जो भाजीच्या रांगेत होता असं मला अजूनही वाटतं, मारिसेलला म्हणाला, "वहिनी, आमची पण शेड बघाल का जरा?"

"बघतंय," ती म्हणाली. "मास्क नाकावर घे आधी."

मंगळवारी सहदेवकाकांनी नोटीस बोर्डावर कागद लावला. त्यात पावसाळी कामांची जबाबदारी सौ. मारिसेल केळुसकर यांच्याकडे दिली होती, आणि खाली त्यांची ती ठसठशीत सही. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडचं मॅडम गेलं आणि नुसतं मारिसेल आलं. शकुबाईंचं मशीन जूनअखेर परत गेलं. त्या स्वतःच्या पायांनी जिना उतरून केळुसकरांकडे आल्या आणि मारिसेलच्या हातचं जेवून गेल्या. सिद्धेश सप्टेंबरात आला. विमानतळावरून घरी येईपर्यंत त्याला टॅक्सीत तीन वेळा वादळाची गोष्ट ऐकावी लागली, दोनदा आईकडून, एकदा निधीकडून.

पुढच्या वर्षी तिला कायमचं राहायचं, काम करायचं कार्ड मिळालं. तोवर आमच्या रस्त्यावरच्या सहा बिल्डिंगांची छपरं तिने बांधून दिली होती, हौसेने. मग माधुरीने तिला बसवून या कामाचा रीतसर धंदा करायला आणि त्याचं नाव ठरवायला लावलं. आता गल्लीतल्या चार बायका तिच्यासोबत आहेत. मेचा पहिला आठवडा लागला की नाहूर, भांडुप, मुलुंडपर्यंत फोन येतात, आणि सिद्धेश त्याचं एसीचं काम सांभाळून टेम्पो चालवतो.

परवा मी सहज म्हणून नाहूरच्या एका सोसायटीत तिच्यासोबत गेले होते. आठ मजली बिल्डिंग, वर लांबलचक शेड. नवीन आलेल्या अक्षता नावाच्या मुलीने कोपऱ्यातली गाठ मारली आणि अभिमानाने मागे सरकली. सोसायटीचे चेअरमन कौतुकाने म्हणाले, "वा! झकास झालं की!"

मारिसेलने त्यांच्याकडे बघितलंही नाही. तिने दोन्ही हातांनी दोर धरला, पूर्ण अंगाचं वजन टाकून एक हिसका दिला, आणि गाठ नखभर सरकली.

"सोड," ती अक्षताला म्हणाली. "परत बांध."