आत्याचं साम्राज्य

माझी आत्या इलेक्ट्रिक गिटार वाजवायची ती पोळ्या झाल्या झाल्या, ॲप्रनसुद्धा न काढता. इंग्लंडातल्या लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तिनं वॉर्ड सिस्टर म्हणून राज्य केलं आणि रिटायर झाल्यावर शेजारच्या कीथला ड्रमवर बसवून गराजमध्ये रॉक बँड काढला. बेस गिटारला माणूस हवा होता. पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आलेला भाचा घरात आयताच होता. मला सुरातलं काही कळत नाही, हे सांगून पाहिलं. "कळणारे फार चिकित्सा करतात. तू वाजव," ती म्हणाली.

तिच्या राज्यात कायदे कडक. चहा चारला. ओल्या केसांनी बाहेर पडायचं नाही. का म्हणून विचारलं, तर उत्तर एकच : "तुझ्याच भल्यासाठी." मी तिच्या पसंतीशिवाय साधं जाकीटही घेत नसे, आणि मला, खरं सांगायचं तर, ते सोयीचंच होतं.

बँडचं एकमेव गाणं तिनंच रचलं होतं. हिंदुस्थानावर राज्य करून तिथे एकदाही पाऊल न ठेवलेल्या राणीवर.

देश कधी पाहिला नाही, तरी राज्य माझंच बाई,
विचारल्याविना सूर्यानंसुद्धा मावळायचं नाही!

कीथला मराठीतलं फक्त 'बाई' जमायचं, पण ते तो असं ठोकायचा की गराजचं दार थरथरे. मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात गाणं म्हणायचं ठरलं, पण शेवटचं कडवं काही सुचेना. "साम्राज्य संपवायचं कसं, तेच कळत नाही रे," आत्या कुरकुरायची.

त्यातच मला ब्रिस्टलला चांगली नोकरी मिळाली. चहाच्या वेळी, कीथसमोरच, धीर करून सांगितलं.

"ब्रिस्टल? तिथे तुझं कोण बघणार?"

"आत्या, मी एकतीस वर्षांचा आहे."

"तेच म्हणते मी. अजून तयार नाहीस तू!"

आमचं भांडण निम्मं इंग्रजीत चाललेलं, त्यामुळे कीथला मुद्दा समजत होता. त्यानं बिस्किट चहात बुडवलं आणि शांतपणे म्हणाला, "लव्ह," (लीड्समध्ये सगळ्यांनाच असं म्हणतात) "तुझ्या गाण्यातली राणीही हिंदुस्थानाबद्दल हेच म्हणायची ना?"

आत्या उठून कप विसळायला लागली. दिवाळीपर्यंत तिनं ब्रिस्टलचं नाव काढलं नाही, आणि मीही नोकरीला हो म्हणू शकलो नाही.

कार्यक्रमात ती पितळी चाळणीचा मुकुट घालून उभी राहिली. हॉल हसून हसून लोळत होता. शेवटच्या कडव्याला ती प्रेक्षकांकडे पाठ करून माझ्याकडे वळली.

जा बाळा, या घरावरचा झेंडा आता उतरवते,
चहा वेळेवर घेतला नाहीस, तर परत राज्य करते!

मी वाजवायचाच थांबलो. गाणं त्यामुळे सुधारलं, असं कीथ म्हणतो.

आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. मी ब्रिस्टलला माझ्या घरात आहे, अगदी स्वतंत्र. चार वाजले की चहा टाकतो. लेक ओल्या केसांनी निघाली की दारात आडवा उभा राहतो.

"बट व्हाय, बाबा?"

"तुझ्याच भल्यासाठी," मी म्हणतो, आणि टॉवेल पुढे करतो.