जिवंत डोकं

पहिला कोंबडा आरवायच्या आत इदिका ताडावर चढलेला असे. ऊन तापलं की घामाने हात सुटतो, म्हणून. दोर कमरेला, पाय खोडाला, भार मागे. पुढे झुकला तो पडला. लोकांच्या ताडांवरचे तेलफळांचे घड उतरवायचे, ही त्याची मजुरी.

नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्रा देशाच्या लढाईत त्याला शौर्याचं पदक मिळालं होतं. पुढे तो देशच उरला नाही, पदक मात्र उरलं. पण अमाकालु गावात पदकाला कोण विचारतो? शत्रूचं डोकं आणेल तो शूर, ही तिथली जुनी रीत. आताशा शहरातून काही कमावून आणलं तर तेही डोकंच मानत. रिकाम्या हाताने आला तो भित्रा, आणि भित्र्याच्या परड्यातली कोनफळं शूरांनी खुशाल उचलून न्यावीत. शहरातून सायकल आणलेल्या उक्पाइने इदिकाची कोनफळं दोनदा नेली.

"आता फक्त बियाण्याची उरलीत," ओयिदिया नवऱ्यावर कडाडली. "तीही गेली तर पुढच्या साली पोरांना काय पदक उकडून घालू?"

इदिका तडक चावडीवर गेला.

चावडीच्या मुख्याने, म्हाताऱ्या उडुमाने विचारलं, "डोकं आणलंस?"

"आणलं की, आजोबा. आमच्या कॅप्टनचं. पाय मोडला होता त्याचा. दोराने पाठीला बांधला आणि गोळीबारातून नदी पार केली."

उक्पाइ खिदळला. "आपल्याच माणसाचं? आणि तेही जिवंत?"

"मेलेलं डोकं पिशवीत मावतं, बाबा. ह्याला धड होतं, पोट होतं. वर वाटभर मलाच हुकूम, डावीकडे घे, उजवीकडे घे!"

चावडी हसली. उडुमा उठला. अंगाने चांगला भरलेला माणूस. "उक्पाइ, वाक. मला ओढ्यापलीकडे ने."

उक्पाइ वाटेतल्या आंब्यापर्यंतच गेला आणि म्हाताऱ्यासकट बसला.

मग इदिकाने म्हाताऱ्याला पाठीशी घेऊन दोर आवळला, गुडघे वाकवले, भार कमरेवर घेतला. ओढ्यात पाणी मांडीला लागत होतं. पाय घासत, दगड चाचपत तो पलीकडे गेला.

"मोजा रे ह्याला शूरांत," उडुमा पाठीवरूनच ओरडला. "आणि उक्पाइ, ओयिदियाची कोनफळं परत कर!"

पण नव्या शूराने शूरांना बोकडाचं जेवण घालायचं असतं. इदिकाची अख्ख्या हंगामाची मजुरी त्यात गेली.

"बोकड तर बोकड," रस्सा वाढताना ओयिदिया म्हणाली. "उक्पाइभाऊ, पोटभर जेवा. आता माझ्या परड्याकडे वळायची वेळ यायला नको."