सीताफळाची शंभर पानं

मी तालुक्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. पहिल्या वर्षाला एक प्रात्यक्षिक असतं. कोणत्याही एका झाडाची शंभर पानं तोडायची, पट्टीने त्यांची लांबी मोजायची आणि आलेख काढायचा. मधल्या मापाची पानं पुष्कळ निघतात, फार लहान आणि फार मोठी थोडीच, त्यामुळे आलेख घंटेच्या आकाराचा होतो. तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा म्हणून हे प्रात्यक्षिक. पाहत कोणीच नाही. मुलं आदल्या वर्षीच्या जर्नलमधून आकडे उतरवतात, आणि त्या मुलांनीही ते त्याआधीच्या जर्नलमधून उतरवलेले असतात. ती पानं केव्हाच कुजून माती झाली, पण आकडे चालू आहेत. मी सही करते.

हे एकदा घरी बोलून गेले. न बोलते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. मग वाटतं, बरं काय झालं असतं?

माझा धाकटा भाऊ तेव्हा डोणगावला घरी होता. पुण्याच्या कंपनीने त्याला कमी केलं होतं. मुलाखतीत प्रोग्रॅमिंगची कोडी घालतात, म्हणून तो दिवसभर गच्चीवर, रेंज मिळते त्या कोपऱ्यात, मांडीवर लॅपटॉप घेऊन कोडी सोडवायचा. त्यातलं एक कोडं असं होतं : तयार आज्ञा न वापरता असे आकडे निर्माण करा की त्यांचा आलेख घंटेसारखा येईल. त्याने मला विचारलं. मी जुनी युक्ती सांगितली. शून्य ते एकच्या मधले कोणतेही बारा आकडे घे, बेरीज कर, सहा वजा कर, आणि हे हजारो वेळा कर. थोड्या वेळाने त्याने मला वर बोलावलं. पडद्यावर घंटा उभी होती. वीस वर्षं मी ती फळ्यावर खडूने काढत आले होते, आकड्यांमधून वर येताना मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. त्याला हे सांगितलं नाही. "बरं आहे," एवढंच म्हणाले आणि खाली आले.

जर्नलची गोष्ट ऐकून तो खूप हसला.

"तुह्या पोट्ट्यायले म्हणा, कॉपी काऊन करता? मी देतो ना पानं. पाह्यजे तेवढी."

"मी लगेच ओळखीन."

"लावतं काय शर्यत?"

शर्यत लागली. घरामागच्या सीताफळाची शंभर पानं तो खरोखर मोजायचा, दुसरी शंभर प्रोग्रॅमकडून काढून घ्यायचा, आणि दोन्ही याद्या वहीत स्वतःच्या हाताने लिहायचा, अ आणि ब. खोटी कोणती ते मी सांगायचं. पहिल्या वेळी मी उभ्या उभ्या सांगितलं. पट्टी धरणाऱ्या माणसाची नजर शून्यावर आणि पाचावर संपणाऱ्या मापांशी अडते. खोट्या यादीत ती कुठेच अडली नव्हती. त्याने प्रोग्रॅमला ती खोड शिकवली. दुसऱ्या वेळीही मी ओळखलं. पानं तोडणारा माणूस अगदी चिमुकली पानं झाडावरच ठेवतो, आणि खोट्या यादीत नखाएवढी पानंसुद्धा होती.

"ताई, तू चुकून मास्तरीन झाली वं. पोलिसात पाह्यजे होती."

त्याने मागाहून उत्तर बदललं असं मी म्हणू नये, यासाठीही त्याच्याकडे सोय होती. प्रोग्रॅमला सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो, त्याला तो बीज म्हणायचा. "बीज तेच देलं का यादी तीच उगवते. शंभरच्या शंभर. मंग भांडणच नाई."

तिसऱ्या वेळच्या याद्या घेऊन तो आला तेव्हा माझ्यापुढे चाचणीच्या पेपरांचे गठ्ठे होते. त्याची नोकरी जाऊन सात महिने झाले होते आणि मला रोज कोणीतरी विचारत होतं. मी वही उघडलीसुद्धा नाही. "नंतर बघते," म्हणाले. "आणि तूही जरा खऱ्या कामाचं बघ."

"हाव, पाह्यजो नंतर," तो म्हणाला, आणि वही गठ्ठ्याखाली सरकवून गेला.

दोन दिवसांनी त्याला ताप आला. डेंगी निघाला. पाचव्या दिवशी तो गेला. डॉक्टर म्हणाले, ह्या वयात असं सहसा होत नाही. ते बरोबरच आहे. घंटेच्या दोन्ही टोकांना रेघ जमिनीला टेकायला येते, तिथे बोट ठेवून मी दरवर्षी मुलांना सांगते, इकडे जवळजवळ कोणी नसतं.

तेरवीला आलेल्या लोकांनी नोकरी गेल्याचा धसका घेतला असं ठरवून टाकलं. मच्छराचं नाव कोणी घेतलं नाही. त्याच दिवशी आईने त्याचा लॅपटॉप चुलतभावाच्या मुलीला दिला. मला आठवड्याने कळलं. मी गेले तोवर दुकानातून त्यातलं सगळं पुसून आणलं होतं.

"मले काय मालूम?" आई म्हणाली. "पडून पडून खराब झाला असता. पोरीले फॉर्म भराचे होते."

"त्यात त्याच्या यादीचं बीज होतं आई."

"कायची यादी? पानायची?" तिने मागच्या दाराबाहेर बोट दाखवलं. "बसला होता बाप्पा तिथं, झाडाखाली, पट्टी घेऊन. म्या म्हटलं, पानं मोजून काय भेटते रे? तं म्हणे, ताईले हरवाचं हाय."

म्हणजे दोहोंपैकी एक यादी खरी आहे. त्यातलं प्रत्येक पान त्याने बोटांत धरलेलं आहे. दुसरी कोणाच्याच हाताची नाही. मी वही उघडली. दोन्ही याद्या पाचावर अडतात. दोन्हींत चिमुकलं पान नाही. मला येत होत्या तेवढ्या सगळ्या चाचण्या लावून पाहिल्या. मग प्रोग्रॅमिंग शिकले. त्याचा प्रोग्रॅम आठवेल तसा पुन्हा लिहिला, आणि बीज म्हणून त्याची जन्मतारीख दिली, माझी दिली, आईची दिली, घराचा नंबर, त्याच्या गाडीचा नंबर. दर वेळी शंभर नवी पानं उगवली. ती अ यादीशीही जुळली नाहीत आणि ब यादीशीही नाहीत. झाडाला विचारावं तर त्या हंगामाची पानं उन्हाळ्याआधीच झडून गेली होती.

यंदा मी वहीच्या त्या दोन पानांच्या झेरॉक्स वर्गात वाटल्या. यातली एक यादी खोटी आहे, म्हटलं, ओळखा. हात जवळजवळ निम्मे-निम्मे उठले. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "अ खरी आहे मॅडम. तिच्यात एकशे तेरा मिलिमीटर लागोपाठ तीनदा आलंय. खोटं करणाऱ्याची असं लिहायची हिंमत झाली नसती."

"माणसाची नसती झाली," मी म्हणाले. "मशीनला कशाची भीती?"

ती खाली बसली. पुन्हा उठली.

"मग बरोबर उत्तर काय मॅडम?"

"नंतर सांगते," मी म्हणाले, आणि हजेरी घ्यायला लागले.