कानबाईची गाणी आणि माझी मास्तरकी

सुरतेच्या उधना भागातल्या मराठी शाळेत मी तीस वर्षं शिकवलं आणि तितकीच वर्षं घरी आईची अहिराणी सुधारत राहिलो. पाहुण्यांसमोर ती 'माले', 'तुले' म्हणाली की मी घसा खाकरायचो. ती लगेच गप्प व्हायची. मास्तरकी अंगात मुरली की घराचाही वर्ग होतो.

त्यामुळे विद्यापीठातली एक संशोधक मुलगी आईची कानबाईची, म्हणजे आमच्या खानदेशी देवीची, गाणी नोंदवायला येणार म्हटल्यावर मी आठ दिवस आईची तालीम घेतली. खानदेशातून सुरतेला आलेल्या बायकांची गाणी जपायची, असा त्यांचा प्रकल्प होता. आमच्या गल्लीत ती सगळी गाणी येणारी आता आई एकटीच उरली होती, आणि तिचा दम दिवसेंदिवस कमी होत चालला होता.

मुलगी गुजराती, पण अहिराणी शब्दांनी वही भरून आलेली. आई नवं लुगडं नेसून खुर्चीत ताठ बसली आणि शुद्ध मराठीत कानबाई गायली, शाळेतली प्रार्थना म्हणावी तशी. दुसऱ्या कडव्याला अडली तेव्हा मीच शब्द सुचवला. मुलीने रेकॉर्डर बंद करून आभार मानले. महिन्याभराने परत आली, परत तेच झालं. तरी तिचा चेहरा हसराच. तिच्या जागी मी असतो तर केव्हाच छडी उगारली असती.

तिसऱ्यांदा ती श्रावणात आली. कानबाई बसायला चार दिवस होते आणि आई नैवेद्याच्या रोटांचे गहू निवडत होती. मुलीने रेकॉर्डर पिशवीतच ठेवला, जमिनीवर मांडी घातली आणि एक सूप आपल्याकडे ओढलं. दोन मिनिटांत आई ओरडली, "अवं पोरी, खडा ठेवी राहिनी आन् गहू फेकी राहिनी!"

दोघी पोट धरून हसल्या. हसता हसताच, हात चालू असताना, आईने गाणं धरलं. तिच्या बोलीतलं, मी लहानपणी ऐकलेलं. कुठेही अडखळणं नाही. मी थक्क झालो. कडवं संपल्यावर मुलीने, गुजरातीत आईला मारतात तशी हाक मारून, हळूच विचारलं, "बा, चालू करू?" आईने मान हलवली.

रेकॉर्डर सुरू झाला, आईने 'माले' म्हटलं आणि मी सवयीने घसा खाकरला.

आई थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू भाईर जाय. तू आठे बठना म्हंजे माले लाज वाटस."

मी ओट्यावर जाऊन बसलो. गहू संपेपर्यंत आत गाणी चालू होती.

पुढे मुलीचा फोन आला. "सर, सुरुवातीचं तुमचं खाकरणं आणि बांचं ते वाक्य काढून टाकू का?"

"राहू द्या," मी म्हणालो. "तेही जपा."