उघड्या डोळ्यांची झोप

आमच्या घराण्यात झोप अर्ध्या उघड्या डोळ्यांनीच लागते. बाप दुपारी निंबाखाली आडवा झाला की पापण्यांच्या फटीतून पांढरं तेवढं चमके. त्या चमकेला भिऊन संग्रामपूरपासून थेट सातपुड्यापर्यंतचे चोर धंदा सोडून भजनाला बसले, असं मी शपथेवर सांगत आलो. पुढं त्याचे हात वर जाईनात. टोपी खाटेवर ठेवून तो डोकं तिच्यात घाली. "बाप टोपीच्या पाया पडतो," हेही मीच गावभर केलं.

माझे डोळे तसेच. लग्नानंतर मला झोपलेला पाहून बायकोनं माहेरी फोन लावला, "माय, हे गेले वाटते वो!" सासरा जीप घेऊन आला, तर मी तिसरी भाकर मोडत होतो.

गेल्या पोळ्याला बैलाच्या शिंगांना बाशिंग बांधताना उजवा हात खांद्याच्या वर जाईना.

"काऊन बे, बैलाले भेला का?" चुलतभाऊ ओरडला.

"त्याले मान देऊन राह्यलो!"

सगळे हसले. मी डाव्या हातानं उजवा वर ढकलला. सोडला की पडे.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी शर्ट काढून भिंतीला रेटा द्यायला लावला. पाठीवर खांद्याची पाती पंखांसारखी उभी राहिली.

"डोळे घट्ट मिटा."

मिटले.

"मिटा ना."

"मिटलेच आहेत, साहेब."

त्यांनी वाकून पापण्यांची फट पाहिली. मग म्हणाले, "शीळ घाला."

आमच्याकडं शीळ कुणालाच येत नाही. ते आम्ही खानदानी वळण समजत होतो.

आजार स्नायूंचा निघाला, मस्क्युलर डिस्ट्रॉफी. चेहरा, खांदे, दंड, पुढं कदाचित पाय. हळूहळू झिजतात. झिजलेलं परत येत नाही, झीज थांबवणारं औषध अजून नाही.

बापाच्या टोपीचं सांगितलं, तसे डॉक्टर म्हणाले, "वडिलांकडून आलंय. तुमच्या प्रत्येक लेकराला येण्याची शक्यता अर्धी. लेकरं किती?"

"एक मुलगी." आयुष्यात पहिल्यांदा मी काही वाढवून सांगितलं नाही.

घरी बायकोला म्हटलं, खांदा आखडलाय, शेकायचा. मुलगी ओट्यावर बाजारातला फुगा फुगवत होती. गाल भरायची, ओठ सुटायचे, हवा फुस्स.

"बाबा, तुमी फुगवा ना. माह्याच्यानं होऊन नाही राह्यलं."

तिच्या वयाच्या कितीतरी पोरांना फुगा फुगवता येत नाही. यात पदरचं काही नाही. मी फुगा तोंडाला लावला. ती माझ्या ओठांकडं टक लावून बसली. कोपऱ्यातून हवा सुटली, तशी टाळी वाजवून आत धावली.

"माय वो, बाबाचं बी माह्यासारखंच होते!"