धाकटीची हाक

मी शाळेत फिजिक्स शिकवते. ध्वनीचा धडा दरवर्षी घेते. वर्गात कुणी भुताखेतांचा विषय काढला की आधी मीच हसते. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण पोटात ठेववतही नाही.

नागपुरात आमचं चौघांचं स्ट्रिंग क्वार्टेट आहे — दोन व्हायोलिन, त्याहून जरा मोठा एक व्हायोला, आणि जमिनीवर टेकवून वाजवायचा एक चेलो. पहिलं व्हायोलिन मृणालचं, दुसरं माझं. दुसरं म्हणजे काय, तर लग्नातली करवली! नटायचं पूर्ण, पण बघणार सगळे नवरीकडे. आणि मृणाल वाजवतेही झकास, हेच तर दुखणं. वाईट वाजवत असती तर मी तिच्यावर जीव टाकला असता.

व्हायोला वाजवणारे अरविंदकाका आमच्यासाठी सुरांतून गोष्टी रचतात. आमची एक पद्धत आहे. गोष्ट आधी सांगायची नाही. कार्यक्रम संपला की चहा-सांबारवडी खाताना लोकांनीच सांगायचं, त्यांना काय ऐकू आलं ते. यावेळची गोष्ट नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेतल्या दोन बहिणींची. थोरली म्हणजे मृणाल, धाकटी मी, आई म्हणजे काकांचा व्हायोला, आणि थोरलीला सासरी नेणारी एसटी म्हणजे चेलो. शेवटी एसटी निघते, थोरली एकटीच वाजवत राहते. आणि धाकटी? मांडीवर व्हायोलिन ठेवून गप्प!

"काका, धाकटीले शेवटी काहीच नाही काय?" मी तालमीत विचारलं.

"गप्प राहते, तेच तिचं बोलणं आहे वं," काका म्हणाले.

मला अजिबात पटलं नाही. चार ओळी दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं? मृणाल खाली बघून हसली, तेही मी अजून विसरलेले नाही.

कार्यक्रम धंतोलीतल्या एका शाळेच्या सभागृहात होता, रविवारी भर दुपारी. आवाज नको म्हणून कूलर बंद ठेवलेले, सगळे घामाघूम. शेवट आला. मी व्हायोलिन मांडीवर घेतलं, गज त्यावर आडवा ठेवला आणि मृणालकडे बघत जळत बसले. मला फक्त तिचं व्हायोलिन आणि चेलोची घरघर ऐकू आली. एवढंच.

चहाच्या वेळी एक आजी थेट माझ्याकडे आल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "गाडी निघाल्यावर लहानी मागून हाक मारते ना वं, तवा माह्या अंगावर काटाच आला!"

मला वाटलं, आजींची काहीतरी गफलत झाली. मग आणखी एक बाई आल्या, त्यांचंही तेच. मग एक जोडपं... जो तो त्या हाकेबद्दल बोलत होता, मृणालकडे कुणी फिरकेना. खरं सांगू? मी कुणालाच 'नाही' म्हटलं नाही.

मग मृणाल आली. डोळे लाल.

"तुले वाजवायचंच होतं तर सांगायचं होतं ना! काहून माह्या सोलोत घुसली?"

"मी वाजवलंच नाही वं!"

"माह्या बाजूले बसून वाजवलं, अन् मलेच सांगून राहिली?"

माझ्या नवऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ घेतला होता. तो आम्ही चौघांनी तिथेच पाहिला. व्हायोलिन माझ्या मांडीवर, माझे दोन्ही हात त्यावर. काकांचा गजही खाली. आणि तरी दुसरं व्हायोलिन स्पष्ट वाजतंय — थोरलीच्या मागे धावत, धापा टाकत... इतकं सुंदर, की मला तसं कधीच जमलं नसतं. मृणालचं भांडण तिथेच संपलं. ती माझा हात घट्ट धरून बसली.

प्रतिध्वनी म्हणावं, तर सूर वेगळे. फोन बिघडला म्हणावं, तर लोकांच्या कानांचं काय? आणि सगळ्यांनी ऐकलं, तर मलाच काहून नाही?

काकांनी व्हिडिओवरून ती हाक लिहून काढली आणि मला दिली. आता धाकटी शेवटपर्यंत वाजवते, टाळ्याही घेते. परवाच्या कार्यक्रमाला त्याच आजी पुन्हा दिसल्या. मी आपणहून त्यांच्याकडे गेले. "आजी, कसं वाटलं?"

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "चांगलं वाजवलं वं माय. पण त्या दिवशीसारखं नाही."

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. मृणालचा हेवा तर कधीच संपला. आता जिचा हेवा वाटतो, ती माझ्याच खुर्चीवर बसून वाजवून गेली... आणि तेव्हा तिथेच असून मला तिचा एक सूरही ऐकू आला नाही.